विषामृत आणि ‘व्हॉट इज युअर नेम?’

(साताऱ्यात प्राथमिक शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांबरोबर मी कधी ना कधी एकाच केंद्रात काम केलंय. मागच्या रांगांत पालकही दिसतायत, त्यातल्या काहींची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यामुळे प्रस्तावना करत नाही, थेट वर्गात जाऊ.

माझ्या हातात हे पेन आहे. मी विचारते, ‘व्हॉट इज धिस?’ तुम्ही म्हणता, ‘इट इज अ पेन.’ शाब्बास. पण मला सांगा, मी हे विचारलं कशाला? हे पेन आहे हे मला दिसतंय, तुम्हालाही दिसतंय. घरी आई सात वर्षांच्या मुलाला पातेलं दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारते का? ती विचारते, ‘पातेलं कुठं ठेवलंस रे?’ कारण पातेलं तिला सापडत नसतं. तिचा प्रश्न खरा असतो. वर्गातला आपला प्रश्न बहुतेक वेळा खोटा असतो, आणि मुलांना तो खोटा आहे हे पहिल्या दिवसापासून कळतं. ती उत्तर देतात ते बाईंना हवं असतं म्हणून.

मी आज खेळांबद्दल बोलायला उभी आहे. पण खेळ मुलांना आवडतात, त्यांचं मन रमतं, हे तुम्हाला सांगायला मी कशाला हवी? माझं म्हणणं वेगळं आहे. खेळात प्रश्न खरा होतो. ज्या खेळात तो खरा होत नाही, तो कितीही मजेचा असला तरी त्यातून इंग्रजी येत नाही. हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका मुलानं शिकवलं. त्याच्याकडे येते, पण थोडं मागून.

जून २००० मध्ये आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीला असायचं. मी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, आणि बी. ए. झाले तरी इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलायचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी तेव्हा जावळी तालुक्यात एका द्विशिक्षकी शाळेवर होते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. जूनचा पाऊस, पत्र्याचं छप्पर, बसकरपट्ट्यांवर बसलेली एकवीस मुलं, आणि मी हातात नवं पुस्तक घेऊन उभी. मला भीती वाटत होती. मुलांची नाही, आपण चुकीचं शिकवू याची. भीती वाटणारं माणूस काय करतं? घोकून घेतं. मी घोकून घेतलं. ‘ए फॉर अॅपल.’ आमच्या वाडीत करवंदं होती, आळवं होती, फणस होते. सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात एवढंच मुलांना माहीत. पण अॅपल पाठ झालं.

दोन वर्षं मी असंच शिकवलं. मुलं कविता हातवारे करून म्हणत, पाहुणे आले की टाळ्या वाजत. आणि पाहुण्यांनी ‘व्हॉट इज युअर नेम?’ विचारलं की मुलं एका सुरात म्हणत, ‘माय नेम इज’, आणि तिथं थांबत. कारण सरावाच्या वेळी त्याच्या पुढं मी फळ्यावर मोकळी रेघ मारलेली असायची.

आपण साताऱ्यात बसलोय म्हणून एक आठवण काढते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव घातलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आणि याच जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी तर इंग्रजी शिका म्हणून कविताच लिहिल्या. ज्यांना सगळी दारं बंद होती त्यांनी ही भाषा जिवाच्या कराराने मिळवली. त्यामुळे पालक मला विचारतात ना, ‘बाई, इंग्रजीसारखा विषय आणि तुम्ही खेळ काय खेळताय?’ तेव्हा मला राग येत नाही. त्यांच्या मनात इंग्रजी म्हणजे मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तो आहेच. आहे म्हणूनच मला मुलाच्या तोंडाला कुलूप लागलेलं चालत नाही.

आता तो मुलगा.

त्यानंतर मी खाली, साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका शाळेवर बदलून आले. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि काही मुलं आपल्या वर्गात येऊन बसतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जातात. असाच एक बीडकडचा मुलगा तिसरीत आला. आठ-नऊ वर्षांचा, काटक, पायात चप्पल नाही. वर्गात तो एक शब्द बोलत नसे. हजेरीला हात वर करायचा, बस. त्याची बोली थोडी वेगळी होती, पहिल्या दिवशी कुणीतरी हसलं होतं.

त्या आठवड्यात मी एक खटपट करत होते. मुलं मधल्या सुट्टीत विषामृत खेळायची. तुम्हाला माहीतच आहे, राज्य असलेल्यानं शिवलं की ‘विष’, जागच्या जागी पुतळा. दुसऱ्यानं येऊन ‘अमृत’ म्हणून हात लावला की सुटका. मी म्हटलं, यात थोडा बदल करू. अमृत द्यायला येणाऱ्यानं आधी विचारायचं, ‘व्हॉट इज युअर नेम?’ पुतळ्यानं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तरच अमृत. पोरं तयार झाली. पळापळ सुरू झाली. आणि मी बघते तर विचारणारे नुसतं ‘वॉट्युनेम, वॉट्युनेम’ करत हात लावून पुढं पळतायत, उत्तर ऐकतंय कोण? बरोबरच होतं त्यांचं. पहिलीपासून एकत्र वाढलेली मुलं, एकमेकांच्या आजीचंसुद्धा नाव ठाऊक. त्यांनी एकमेकांना नाव विचारायचं म्हणजे माझ्या पेनासारखंच झालं.

तो नवा मुलगा कडेला उभा होता. एकानं त्याला ओढून आत घेतलं. पळायला तो सगळ्यांत तेज, राज्य असलेल्याला सापडेचना. मग त्यानं एका पुतळ्याला सोडवायचं ठरवलं. समोर जाऊन उभा राहिला. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, ‘व्हॉट. इज. युअर. नेम?’ समोरच्यानं नाव सांगितलं. यानं ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं, मान हलवली, मग अमृत दिलं. आणि पुढच्या पुतळ्याकडे पळाला. मागून राज्यवाला येतोय, तरी हा उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय हात लावत नव्हता.

त्या मैदानात त्या एकट्याचा प्रश्न खरा होता. त्याला खरंच त्यांची नावं माहीत नव्हती. आठ दिवस तो अनोळखी पोरांत बसला होता आणि मराठीत नाव विचारायचा त्याला संकोच होता, कारण बोलीला हसतील. इंग्रजीत मात्र सगळ्यांचीच बोली परकी. त्या अर्ध्या तासात त्यानं चौदा-पंधरा जणांची नावं मिळवली. संध्याकाळी वर्ग सुटताना एकाला नावानं हाक मारली त्यानं. ती हाक मी आजही विसरलेले नाही.

त्या रात्री मी विचार करत बसले, बाकीच्या मुलांसाठी हा प्रश्न खरा कसा करायचा? दुसऱ्या दिवशी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाच्या चिठ्ठीत एक गुपित, कुणी टायगर, कुणी डॉक्टर, कुणी मँगो. आता पुतळ्याला विचारायचं, ‘व्हू आर यू?’ आणि ऐकायचंच, कारण खेळ संपल्यावर कोण काय आहे ते जास्तीत जास्त ज्याला सांगता येईल त्याची जीत. एका चिठ्ठीनं फरक पडला. पोरं थांबून ऐकायला लागली. ‘काय? पुन्हा म्हण’ असं म्हणायची पाळी आली, तेव्हा मी त्यांना ‘अगेन प्लीज’ दिलं. हे दोन शब्द मी फळ्यावर लिहून शंभर वेळा म्हणवून घेतले असते तरी राहिले नसते. ते तिथं लागले, म्हणून राहिले.

तेव्हापासून मी कुठलाही खेळ घ्यायच्या आधी स्वतःला विचारते: विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे का? असेल तर खेळ बदलायचा. आणि वाक्य न बोलता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर मुलं न बोलताच जिंकतील. ती हुशार असतात.

एक पिशवीचा खेळ सांगते, त्यात विकतचं साहित्य काही लागत नाही. बाजाराची जाड कापडी पिशवी घ्यायची. आत चिंचोका, लिंबू, शेंगदाण्याची शेंग, खडू, वाटी, लोकरीचा तुकडा. एक मूल आत हात घालून एकच वस्तू मुठीत धरतं, बाहेर काढत नाही. बाकीचे विचारतात, ‘इज इट राउंड?’ ‘इज इट सॉफ्ट?’ ‘कॅन वी ईट इट?’ हात आत असलेल्या मुलाला जे कळतंय ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा एका मुलीच्या हाती चिंचोका लागला. तिला विचारलं, ‘इज इट बिग?’ ‘नो.’ ‘इज इट सॉफ्ट?’ तिनं नखानं दाबून पाहिलं. ‘नो.’ मग एकानं विचारलं, ‘कॅन वी ईट इट?’ आणि ती अडकली. भाजलेला चिंचोका खातात की. येस म्हणावं तर कच्चा खात नाहीत. बराच वेळ थांबून ती म्हणाली, ‘येस. फायर. येस.’ आगीत घातल्यावर, असं म्हणायचं होतं तिला. वर्गाला कळलं आणि तिघे एकदम ओरडले, ‘चिंचोका!’ मी तिला ‘रोस्टेड’ हा शब्द त्याच क्षणी दिला. तिनं तो असा झेलला की मी बघतच राहिले. ज्या मुलाला सांगायचं काहीतरी आहे आणि शब्दच नाही, त्या मुलासमोर शब्द ठेवायचा. तीच वेळ असते.

असाच ‘चिमणी उड’चा खेळ. आपण सगळे जमिनीवर बोटं टेकवून खेळलोय. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड, आणि जो म्हशीला बोट उचलेल तो फसला. मी विचारायची, ‘कॅन अ क्रो फ्लाय?’ मुलं बोट उचलून ‘येस, इट कॅन’ म्हणायची, म्हशीला ‘नो, इट कान्ट’. ठीक चाललं होतं. एक दिवस मी विचारलं, ‘कॅन अ हेन फ्लाय?’ आणि वर्गात दोन तट पडले. ‘बाई, कोंबडी कुठं उडती?’ ‘उडती की! आमची छपरावर जाती!’ पाच मिनिटं भांडण. शेवटी दुसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, इट कॅन. लिटल.’ याच्या पुढं मी तरी काय शिकवणार? तेव्हापासून या खेळात मी मुद्दाम वादाचे प्राणी घालते. मोर, बदक, वटवाघूळ.

भांडण मराठीतच होतं, आणि होऊ द्यावं. ‘आता एकही मराठी शब्द नको’ असा दंडक घालणारे शिक्षक मी पाहिलेत, मराठी बोललं की खडूचा ठिपका कपाळाला. त्यानं मुलं गप्प होतात, इंग्रजी बोलायला लागत नाहीत. नियम मराठीत सांगा, दोन मिनिटांत. भांडण मराठीत मिटवा. खेळाच्या पोटात जे एक वाक्य आहे तेवढं मात्र इंग्रजीतच झालं पाहिजे. एका खेळात एक वाक्य. दोन घातली की दोन्ही जातात.

आता आपल्या मराठी मुलांच्या ज्या खास अडचणी आहेत, त्यांच्याकडे येते. बाहेरून आलेल्या खेळांच्या पुस्तकांत त्या नसतात, कारण त्या लिहिणाऱ्यांची मुलं मराठी नसतात.

पहिली अडचण आकड्यांची. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, वीस नंतर. इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’, वीस आधी. त्यामुळे मूल ऐकतं ‘ट्वेंटी फाइव्ह’ आणि लिहितं बावन्न. एकोणतीसचं तर विचारूच नका, तीसला एक कमी असा हिशेब आपल्या शब्दात, आणि तिकडे सरळ ‘ट्वेंटी नाइन’. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मी आज पडत नाही. पण इंग्रजीच्या तासाला ही अडचण रोज समोर येते. शिवाय थर्टीन ते नाइन्टीन या आकड्यांत इंग्रजी स्वतःच आपल्यासारखी उलटी चालते, तीन आधी, दहा नंतर. म्हणून फिफ्टीन आणि फिफ्टी ऐकताना गोंधळ होतो.

यावर मी बाजार भरवते. व्हरांड्यात पोती अंथरायची. मुलं घरून खरा माल आणतात. कोरेगावकडच्या शाळेत असताना वाघा घेवडा यायचा, आलं यायचं, एकदा एक मुलगा पाटीभर मेथी घेऊन आला. कागदाच्या नोटा. किमती विकणाऱ्याच्या मनात, त्या लिहायच्या नाहीत. म्हणजे ‘हाउ मच इज धिस?’ हा प्रश्न आपोआप खरा झाला. आणि ‘फिफ्टीन’ ऐकून कुणी पन्नासची नोट दिली की पस्तीस रुपयांचा घोटाळा. एकदा एक मुलगी पन्नास देऊन घेवडा घेऊन गेली. तिच्या मैत्रिणीनं नोटा मोजल्या आणि दोघी परत आल्या. त्यांच्यात जी हुज्जत झाली, ‘फिफटीन! टीन! टीन!’, त्यात तो शेवटचा टीन कसा लांबवायचा हे साऱ्या वर्गाला कायमचं कळलं. फिफ्टीमध्ये जोर पुढं, फिफ्टीनमध्ये मागं, हे मला सांगावंच लागलं नाही.

दुसरी अडचण, निर्जीवाला लिंग. आपली खुर्ची ‘ती’, दरवाजा ‘तो’, टेबल ‘ते’. मग मूल खुर्चीला ‘शी’ म्हणणारच. ‘शी इज ब्रोकन.’ यात त्याचं काही चुकत नाही, ते मराठी पक्कं शिकलंय. यासाठी खडू लपवायचा खेळ चांगला. एकानं बाहेर जायचं, आतल्यांनी खडू लपवायचा. तो येऊन विचारतो, ‘इज इट अंडर द मॅट?’ ‘इज इट इन द बॅग?’ ‘इज इट ऑन द विंडो?’ दर वेळी ‘इट’. खिडकी असो, दप्तर असो. आणि त्यातच आणखी एक गोष्ट साधते. मराठीत ‘चटईखाली’ हा एकच शब्द, खाली मागं चिकटलेलं. इंग्रजीत ‘अंडर’ आधी बोलावं लागतं. शोधणारं मूल आधी खाली वाकतं, मग चटई उचलतं. मी त्याला म्हणते, जसा वाकतोस तसं बोल. आधी अंडर, मग मॅट.

तिसरी गोष्ट अडचण म्हणावी की नाही, मला ठाऊक नाही. पत्त्यांसारख्या चित्रांचा एक खेळ होता, ‘डू यू हॅव अ काउ?’ असं समोरच्याला विचारून जोड्या जमवायच्या. मीही खेळायला बसले. एका मुलीची माझ्याकडे विचारायची पाळी आली आणि ती थांबली. शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. मग मला म्हणाली, ‘बाई, तुमास्नी यू म्हणलं तर चालतंय का?’

दोन दिवस आधीच मी शिकवलं होतं, यू म्हणजे तू. चूक माझी होती. तिच्या घरी मोठ्या माणसाला अरे-तुरे करत नाहीत. ती गप्प बसली असती तर मी वहीत लिहिलं असतं, ‘प्रश्न विचारता येत नाही’. मी तिला सांगितलं, यू म्हणजे तूसुद्धा आणि तुम्हीसुद्धा, राष्ट्रपतींनाही यू म्हणतात. तिचा चेहरा इतका मोकळा झाला. मग तिनं ताठ बसून मला विचारलं, ‘बाई, डू यू हॅव अ काउ?’ ‘बाई’ तिनं सोडलं नाही, आणि मीही सोडायला सांगितलं नाही.

पावसाचं सांगते. जावळी, महाबळेश्वर, पाटणकडच्या शाळांतल्या लोकांना हे कळेल. जुलैत पत्र्यावर पाऊस धो धो लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. शिकवायचं काय? एका दिवशी हताश होऊन मी नुसते ओठ हलवून शब्द बोलले. आवाज नाहीच. पहिल्या रांगेतली मुलं ओठांकडे टक लावून बघायला लागली. त्यातून खेळ झाला. मी मुक्यानं ‘फॅन’ म्हणायचं की ‘पॅन’, मुलांनी ओळखून चित्र वर करायचं. पॅनला दोन्ही ओठ मिटतात. फॅनला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. आपला फुलातला फ दोन्ही ओठांचा, म्हणून मुलांचा फॅन तसाच येतो. तसंच ‘व्हॅन’ आणि ‘वन’. एकीत दात ओठाला लागतो, दुसऱ्यात ओठांचा चंबू. मराठीत आपल्याला एकाच व वर भागतं. कानांनी हा फरक मुलांना वर्षभर पकडता आला नव्हता, डोळ्यांनी एका तासात पकडला. मग मुलं एकमेकांना मुके शब्द द्यायला लागली. घरून येताना छोटे आरसे आणले पोरींनी. पाऊस थांबला तरी खेळ चालू राहिला.

माझे जे खेळ फसले, तेही सांगितले पाहिजेत.

सगळ्यांत मोठी चूक ‘आउट’ची. चुकला की बाहेर. मी वर्षानुवर्षं असे खेळ घेतले. संगीतखुर्ची, शब्द सांग नाहीतर बस. एकदा मी नुसतं मोजलं. वीस मिनिटांच्या खेळात सगळ्यांत कच्चा मुलगा पहिल्या मिनिटाला आउट झाला आणि एकोणीस मिनिटं भिंतीला टेकून बसला. ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, त्याला सगळ्यांत कमी मिळाला. आणि जी मुलगी आधीच सफाईनं बोलते तिला वीसच्या वीस मिनिटं. विषामृतात याच्या बरोबर उलट होतं. जो सारखा सापडतो त्याला सारखं बोलावं लागतं, आणि सुटून तो पुन्हा पळतो. आपल्या गावठी खेळांची ही रचना फार मोलाची आहे. आउट ठेवायचंच असेल तर आउट झालेल्याला पुकारायचं काम द्या. त्याला तर उलट सगळ्यांपेक्षा जास्त बोलायला मिळेल.

दुसरी चूक, बक्षिसं. पेन्सिली वाटायला लागले तेव्हा मुलं पेन्सिलीसाठी खेळायला लागली, आणि एकमेकांच्या चुका धरायला लागली. बंद केलं. तिसरी, मध्येच सुधारणं. मूल जीव तोडून ‘ही गो इन टेम्पल’ म्हणतंय आणि आपण म्हणतो, ‘गोज, बाळा, गोज’. त्याचा श्वास तिथं अडतो. मी आता खिशात कागद ठेवते, चूक टिपून घेते, खेळ संपल्यावर कुणाचं नाव न घेता फळ्यावर मांडते. याला अपवाद एकच, चुकीमुळे खेळच अडला तर. मग लगेच.

लहान वर्गाला एकदम बोलायला लावू नका, एवढं पहिलीच्या शिक्षकांना सांगेन. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात पद्धत मांडली, की मुलानं आधी आज्ञा ऐकून अंगानं प्रतिसाद द्यावा, बोलणं मागून येऊ द्यावं. उठ, बस, दाराला हात लाव, उडी मार. तान्हं मूलही आधी कित्येक महिने नुसतं ऐकतंच की. मी पहिलीला जून-जुलै फक्त ‘बाई सेज’ खेळते. बाई सेज, टच युअर नोज. ‘बाई सेज’ न म्हणता आज्ञा आली तर हलायचं नाही. तोंडानं एक शब्दही मागत नाही. ऑगस्टमध्ये कुणीतरी आपणहून बाई व्हायला पुढं येतं, आणि मग मला बसायला मिळतं.

साधनांचं म्हणाल तर, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी मॉन्टेसोरींची, म्हणजे वस्तू हाताळत शिकायची, पद्धत घेतली आणि आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात दगड, पानं, शिंपले यांवर ती उभी केली. त्याला आता जवळजवळ पाऊणशे वर्षं होतील. आपल्याला कॅटलॉगमधल्या रंगीत प्लॅस्टिकवाचून काही अडत नाही.

पालकांनो, तुमच्यासाठी. मूल घरी आलं की ‘आज काय शिकवलं?’ असं विचारलंत तर ते म्हणेल, ‘खेळलो’. आणि तुम्हाला वाटेल दिवस वाया गेला. त्याऐवजी त्याला म्हणा, ‘कसा खेळलात ते मला शिकव.’ तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम. एका आईनं मला येऊन सांगितलं, ‘पोरगी रोज भाकरी थापताना मला विचारती, हाउ मच इज धिस, आणि मी काय बी आकडा सांगितला की भांडती.’ त्या बाईंनी कधी शाळा पाहिली नव्हती. सहा महिन्यांत त्यांना शंभरपर्यंत आकडे इंग्रजीत यायला लागले, आणि बाजारात त्या व्यापाऱ्याचं कॅल्क्युलेटर वाचायला लागल्या.

तासाचा प्रश्न राहतो. पोषण आहार, माहित्या, ऑनलाइन नोंदी, दोन वर्ग एकाच खोलीत, यातून वेळ कुठून काढायचा? मला दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात, परिपाठानंतर लगेच, रोज. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा हे बरं. द्विशिक्षकी शाळेत तर मोठी मुलं छोट्यांना खेळ शिकवतात, आणि शिकवताना त्यांचं स्वतःचं वाक्य पक्कं होतं.

बोलून फार झालं. ही पिशवी मी येताना आणलीय. आत सहा वस्तू आहेत, सगळ्या इथल्याच, सकाळी घरून निघताना हाताला लागल्या त्या. खुर्च्या जरा मागं घ्या आणि आठ-आठ जणांचे गोल करा. पालकांनीही यायचं, कुणी कडेला उभं राहायचं नाही. पहिल्यांदा हात कोण घालणार? या, तुम्ही या मॅडम. मूठ मिटा, बाहेर काढू नका. विचारा आता त्यांना.